स्वस्त स्पीकर, महाग कान

लॅपटॉपला जोडायला स्पीकर घ्यायचे, तेही खिशाला झेपतील असे, एवढ्याशा विषयावर चारचौघांना काही सांगावं इतका मी त्यातला जाणकार नाही. माझा धंदा भाषांतराचा. दिवसभर टेबलाशी बसायचं, मधूनमधून ऑनलाइन मीटिंग, आणि संध्याकाळी कामाचा कंटाळा आला की गाणं. पण आपल्या घरात, मित्रांच्या घरात आणि दुकानांच्या काउंटरवर मिळून बरेच स्पीकर कानांखालून गेले. त्यातून जे उमगलं ते सुचेल तसं लिहितो आहे. आकडे घातलेत ते फक्त मध्ये श्वास घ्यायला.

१. लॅपटॉपचा आवाज किरटा असतो यात बनवणाऱ्यांचा आळस नाही, हे मला फार उशिरा पटलं. एवढ्याशा पातळ पत्र्यात आख्खा कॉम्प्युटर बसवणाऱ्यांना दोन बरे स्पीकर बसवता येऊ नयेत? मुद्दाम करत असणार, बाहेरचे विकत घ्यावेत म्हणून, असा माझा पुणेरी संशय. पण आवाज काढायचा म्हणजे शेवटी हवा हलवायची. चुंबक, तारेची गुंडाळी आणि तिला चिकटलेला शंकू या आजच्या स्पीकरची बांधणी जनरल इलेक्ट्रिकमधल्या राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ साली मांडली, आणि शंभर वर्षांत तिचा गाभा बदललेला नाही. चिप लहान होत गेली, हवा होती तेवढीच राहिली. खालचे, जाड सूर काढायचे तर शंकू मोठा हवा, त्याला मागेपुढे हलायला जागा हवी आणि पाठीमागे पोकळी हवी. आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ एवढा थोरला लाकडी का असायचा याचं निम्मं उत्तर यात आहे. लॅपटॉपच्या पोटात यातलं काहीच मावत नाही. त्यात पुष्कळ लॅपटॉपांचे स्पीकर तळाला, खाली तोंड करून असतात. टेबलावर ठेवला तर आवाज लाकडावर आपटून वर येतो, गादीवर ठेवला तर गादी पिऊन टाकते. म्हणून बाहेरचे अगदी साधे स्पीकर जोडले तरी फरक इतका जाणवतो, की पहिल्या संध्याकाळी माणूस कशालाही "वा!" म्हणतो. त्या पहिल्या "वा"वर मी आता विश्वास ठेवत नाही. आठवड्याने काय म्हणतो ते बघतो.

२. खोक्यावरचा वॅटचा आकडा वाचणं मी सोडून दिलं आहे. ज्यांनी नव्वदच्या दशकात टू-इन-वन किंवा म्युझिक सिस्टिम घेतली असेल त्यांना 'पीएमपीओ' ही अक्षरं आठवतील. हजार वॅट, दोन हजार वॅट, आणि ते यंत्र घरातल्या साध्या प्लगवर बिनबोभाट चालायचं. पीएमपीओ म्हणजे लग्न जमवताना सांगितलेला मुलाचा पगार: दिवाळीचा बोनस, ओव्हरटाइम, न मिळालेली बढती, सगळं धरून. क्षणभर, कुठल्यातरी आदर्श परिस्थितीत निघू शकेल असा तो आकडा, आणि तो मोजायची सर्वमान्य रीतच नाही. बघायचाच असेल तर 'आरएमएस' बघावा, म्हणजे यंत्र सतत देऊ शकेल ती ताकद. यूएसबीवर चालणाऱ्या स्पीकरांचा हिशेब तर बोटांवर होतो. यूएसबी २.० पोर्ट ५ व्होल्टला अर्धा अँपिअर देतं, म्हणजे अडीच वॅट. यूएसबी ३.० साडेचार वॅट. टाइप-सीची काही पोर्टं १५ वॅटपर्यंत जातात. मग जुन्या चपट्या पिनेचा स्पीकर खोक्यावर वीस वॅट मिरवत असेल, तर बाकीचे वॅट येतात कुठून? मी एकदा काउंटरवर विचारलं. तिथला मुलगा म्हणाला, "काका, ते कंपनीचं असतं." याहून प्रामाणिक उत्तर मला अजून कुठे मिळालेलं नाही.

गंमत अशी, की एवढे वॅट लागतही नाहीत. ताकद दुप्पट केली की आवाज वाढतो ३ डेसिबलने, आणि ते कानाला जेमतेम कळतं. ऐकणाऱ्याला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला ताकद साधारण दहापट लागते. हातभर अंतरावर बसून ऐकणाऱ्याला एक खरा वॅट पुरून उरतो. मला मधल्या काळात मोठ्या आकड्यांची ओढ लागली होती, तिचं कारण संगीतात नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाने तसे घेतले होते, एवढंच.

३. दुकानात चांगला वाटतो तो स्पीकर जोरात लावलेला असतो. पुण्यात तपकीर गल्ली आहे, मुंबईत लॅमिंग्टन रोड. दोन्हीकडे फिरायला मला आवडतं. काही घ्यायचं नसलं तरी पाय वळतात. तिथे स्पीकर लावून दाखवायची एक ठरलेली पद्धत आहे: धमधमणारं एखादं गाणं, आवाज निम्म्याच्या पुढे. दोन स्पीकर शेजारी ठेवून ऐकले, तर ज्याचा आवाज किंचित मोठा तोच कानाला सरस वाटतो, मग तो कसाही असो. यामागे कानाची एक खोड आहे. बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये ती मोजून दाखवली: आवाज हळू असला की कान खालचे सूर कमी पकडतो, मोठा केला की ते भरून येतात. म्हणजे दुकानात जो ठेका छातीत बसतो, तोच रात्री दहानंतर घरच्यांना जाग येऊ नये एवढ्या आवाजात लावला की गुल होतो. आपला स्पीकर बिघडला की काय, असं वाटत राहतं.

म्हणून आता मी आधी आवाज कमी करायला सांगतो. दोघांना वर न ओरडता बोलता येईल इतका. मुलगा माझ्याकडे जरा दयेने बघतो. मग फोनमधली माझी गाणी. पेटीचा सूर कर्कश होतो का, स्त्रीचा आवाज वर चढला की टोचतो का, नाटकाच्या ध्वनिमुद्रणातल्या टाळ्या टाळ्यांसारख्या येतात की नुसतं फस्स होतं. टाळ्यांची परीक्षा मला अचानक सापडली, आणि तिने बऱ्याच रुबाबदार स्पीकरांना उघडं पाडलं. अर्थात गल्लीतला गोंगाट, हॉर्न, शेजारच्या दुकानातली दुसरी गाणी यांच्यात कान किती खरं सांगणार? त्यामुळे बदलून मिळेल का, हे मी किमतीच्याही आधी विचारतो.

४. कमी पैशांत घ्यायचं म्हणजे काय सोडायचं ते आधी ठरवायचं. हे कळायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि एकदा कळल्यावर खरेदी फार सोपी झाली. दोन-तीन हजारांत सगळं मिळत नाही. खोल बेस, स्वच्छ शब्द, मोठा आवाज, लहान आकार, यातलं काहीतरी जाणारच. जे जाणार ते तुम्ही नाही निवडलंत, तर कंपनी निवडते, आणि कंपनीला दुकानात उठून दिसणारं तेवढं ठेवायचं असतं.

मी शास्त्रीय गाणं ऐकतो, म्हणून माझा हिशेब तंबोऱ्यापासून सुरू झाला. गायकाची काळी एक म्हणजे षड्ज साधारण १३९ हर्ट्झवर. खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, सत्तरच्या आसपास. दोन-अडीच इंची शंकूचे स्पीकर शंभरच्या खाली उतरता उतरता दमतात. म्हणजे खर्जाचा मूळ सूर त्यांच्यातून जवळपास निघतच नाही. आणि तरीही तंबोरा ऐकू येतो! हे लक्षात आलं तेव्हा मी काम टाकून कितीतरी वेळ नुसता तंबोरा लावून बसलो होतो. तारेतून एकटा मूळ सूर येत नाही. त्याच्या दुपटीचे, तिपटीचे, चौपटीचे स्वर, ज्यांना गाणारे स्वयंभू स्वर म्हणतात, तेही येतात. जवारी लागलेल्या तंबोऱ्यात तर त्यांची लयलूट असते. लहान स्पीकर हे वरचे स्वर देतो, आणि मेंदू त्यांच्यातल्या अंतरावरून खाली कुठला सूर असायला हवा ते ताडून तो स्वतःच भरून काढतो. ऐकणारा गातोच आहे म्हणायचं, मनातल्या मनात.

हीच युक्ती डग्ग्यापाशी फसते. सी. व्ही. रामन कलकत्त्यात असताना त्यांना आपल्या वाद्यांचं वेड होतं. १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्याबरोबर 'नेचर'मध्ये त्यांनी लिहिलं, की साध्या ढोलाच्या कातड्यातून बेसूर उपस्वर निघतात, पण आपल्याकडच्या तालवाद्यांवर शाईचा जो थर चढवतात त्यामुळे ते सुरात येतात. तबल्याचा 'ना' आणि 'तीं' छोट्या स्पीकरवरही खणखणीत वाजतात, ते या सुरेल उपस्वरांमुळे असावं, असं मी आपलं समजतो. डग्ग्याचं तसं नाही. त्याचा घुमारा, मनगटाने दाबून काढलेली ती मींड, सगळी तळाशी. स्वस्त स्पीकरवर 'घे' ऐकू येतो, पण फक्त बोट पडल्याचा, घुमत नाही. मी डग्गा सोडला. म्हणजे पुरता सोडला नाही, हेडफोनसाठी राखून ठेवला. त्या बदल्यात आवाज, शब्द, सारंगी आणि पेटी मला स्वच्छ हवी होती. तुमचं गाणं नाचायचं असेल तर तुम्ही अगदी उलट सोडाल, आणि तेच बरोबर असेल.

५. खाली ठेवायचा तो ठोकळा, म्हणजे सबवूफर, ही आपल्या शेजाऱ्यांना दिलेली भेट असते. '२.१' म्हणतात त्यातला '.१' तो. उंच सूर भिंतीला आपटून परततात, दार लावलं की अडतात. खालचे सूर स्लॅबमधून, बीममधून प्रवास करतात. माझ्या एका मित्राच्या घरी आम्ही सिनेमा बघत होतो, आवाज अगदी बेताचा. तरी खालच्या मजल्यावरचे काका वर आले. ते म्हणाले, "संवाद काही ऐकू येत नाहीत, पण मारामारी कधी आहे ते कळतं." ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. गणपतीत ती कुठे जाते हा वेगळा लेख होईल. स्वस्त सबवूफरची दुसरी अडचण अशी, की त्यातले बरेचसे एकाच सुराला घुमतात. तबला असो, ढोलकी असो की रेल्वे, सगळ्याचा तोच एक 'ढुम'. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने नुसते दोन घ्यावेत. या बाबतीत मी ऐकून घ्यायला तयार नाही.

६. वायरीचा कंटाळा करणाऱ्या मलाच शेवटी वायरीने मान खाली घालायला लावली. ब्लूटूथ आलं तेव्हा मी इतका हरखलो, की टेबलावर एकही वायर दिसू नये असा पण केला. मग एकेक गोष्ट कळत गेली. ब्लूटूथवर आवाज आधी दाबून बारीक करतात, पाठवतात, पलीकडे उलगडतात, आणि या खटाटोपात सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा सहज जातो. सिनेमा बघताना जाणवत नाही, कारण बहुतेक प्लेअर तेवढं चित्र मागे धरून ठेवतात. पण भाची सुट्टीत आली, तिने लॅपटॉपवर पियानोचं सॉफ्टवेअर उघडलं, आणि बोट आधी, सूर मागाहून! "मामा, तुझे स्पीकर आत्ता झोपेतून उठलेत का?" असं तिने विचारलं. मीटिंगची तऱ्हा आणखी वेगळी. ज्या ब्लूटूथ स्पीकरात माइकही असतो, तो माइक सुरू झाला, की बऱ्याचदा सगळा आवाज टेलिफोनच्या दर्जावर उतरतो. पैसे मोजून घेतलेला गोडवा नेमका बोलताना गायब. आणि एकदा ऐन मीटिंगमध्ये बाबांचा फोन त्याच स्पीकरला आपण होऊन जोडला गेला. संपादकांनी मुदत सांगायला तोंड उघडलं, आणि माझ्या टेबलावरून काकड आरती सुरू झाली. मुदत मात्र वाढवून मिळाली.

प्रवासाला, गच्चीवर, स्वयंपाकघरात ब्लूटूथच बरं. एका जागी बसणाऱ्याला साडेतीन मिलिमीटरची पिन किंवा यूएसबीची वायर पुरते. तिची बॅटरी उतरत नाही, आणि दोन-चार वर्षांनी बॅटरी मेली म्हणून आख्खा स्पीकर टाकायची वेळ येत नाही.

७. गाणं बंद असताना स्पीकर काय बोलतो तेही ऐकावं. मंद 'घूंऽऽ' असा आवाज, किंवा माउस हलवला की बारीक चिरचिर. मी तो कित्येक महिने स्पीकरचा दोष समजत होतो. मग कुणीतरी सांगितलं, की लॅपटॉपचा चार्जर काढून बघ. काढला, तर शांत! लॅपटॉप आणि स्पीकर दोन वेगळ्या वाटांनी जमिनीशी, म्हणजे अर्थिंगशी जोडलेले असले की त्या दोन वाटांचं एक कडं बनतं आणि विजेची ५० हर्ट्झची गुणगुण त्यातून आत शिरते. वीज यूएसबीतून आणि आवाज पिनेतून घेणाऱ्या स्पीकरांत असं कडं लॅपटॉपच्या पोटातच तयार होतं. माउसची चिरचिर बहुधा तिथून. दोन्हींचे प्लग एकाच बोर्डावर लावून बघावेत. तेवढ्याने भागलं नाही तर 'ग्राउंड लूप आयसोलेटर' नावाची छोटी डबी काही शे रुपयांत मिळते. आवाजही यूएसबीतूनच घेणारे स्पीकर असतील, तर पिनेच्या वाटेची ही कटकट उरत नाही. एक मात्र कुणी सांगितलं तरी करू नका: तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन काढून टाकणं. गुणगुण जाते हे खरं, पण ती पिन आपल्या जिवासाठी असते.

८. सर्वांत मोठी सुधारणा फुकटात झाली, हे मला थोडं लागलं. स्पीकर टेबलाच्या पृष्ठभागावर ठेवले की निम्मा आवाज छातीला आणि निम्मा फळीला ऐकू जातो. कान दोघांच्याही वर असतात. शिवाय फळी स्वतः थरथरते आणि त्यातला थोडा चिखल गाण्यात मिसळते. मी मराठी विश्वकोशाचे दोन खंड दोन बाजूंना ठेवले, वर स्पीकर, पुढच्या कडेखाली खोडरबरचा तुकडा, म्हणजे तोंड किंचित वर. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी हा उपयोग नक्कीच योजला नव्हता. पण ज्या क्षणी शंकूचं तोंड कानाकडे वळलं त्या क्षणी शब्द मोकळे झाले. काही कंपन्यांना हे आधीच कळलं आहे. क्रिएटिव्हचे पेबल बघा, त्यांचे शंकू ४५ अंशांत वर बघतात, टेबलावरच्या स्पीकरसाठी शहाणपणाची गोष्ट. दोन स्पीकर आणि आपलं डोकं यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा, आणि स्पीकर कोपऱ्यात कोंबू नयेत; कोपरा बेस फुगवतो. त्रिकोणासाठी दोन स्पीकरांमधली वायर पुरेशी लांब हवी. ती किती आहे हे खोक्यावर बहुधा लिहिलेलं नसतं, म्हणून दुकानातच सोडवून बघावी. आवाजाचं बटण पुढे आहे की मागे, हेही तिथेच बघा. मागे असेल तर दाराची बेल वाजली की स्पीकर उचकावा लागतो.

(खंड पुन्हा चाळायची वेळ आली की स्पीकर खाली येतात. आधी हा त्रास वाटायचा. आता निदान कोश उघडला जातो.)

९. मी जे ऐकतो त्यातलं बरंचसं स्टिरिओ नाहीच, याचा मला विसर पडला होता. 'गीतरामायण' १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालं. तो सगळा काळ मोनोचा. जुन्या मैफली, ७८ च्या तबकड्यांवरची नाट्यपदं, रेडिओसाठी केलेली मुद्रणं, सगळ्यांत एकच आवाज. दोन स्पीकरांतून तोच आवाज सारखा आला, की गाणारा मधोमध, लॅपटॉपच्या पडद्याच्या जागी येऊन बसल्यासारखा वाटतो, आणि एवढं पुरतं. यावर 'सराउंड', 'थ्रीडी', 'सिनेमा' अशी जी बटणं असतात ती दाबली, की गाणारा विहिरीत पडतो. विंडोजमध्येही 'एन्हान्समेंट' नावाचा एक कप्पा असतो; नव्या लॅपटॉपवर मी आधी तो बंद करतो.

जुन्या मुद्रणांची आणखी एक गोष्ट. त्यांची खरखर वरच्या सुरांत असते. जो स्पीकर दुकानात 'क्रिस्टल क्लिअर' म्हणून मिरवतो, म्हणजे वरचे सूर उचलून दाखवतो, तो घरी आणल्यावर गाण्याच्या आधी खरखर ऐकवतो. माझ्यासारख्या जुनं ऐकणाऱ्याला किंचित मंद, थोडा मवाळ स्पीकरच मानवतो. हे मी ज्यांना सांगितलं ते सगळे हसले. त्यांची गाणी गेल्या वर्षीची असतात.

१०. फुकट मिळणारे स्पीकर सहसा फुकट पडत नाहीत. एका स्नेह्यांनी घर बदलताना मला जुन्या म्युझिक सिस्टिमचे देखणे लाकडी स्पीकर देऊ केले. पण ते मुके असतात. आत ॲम्प्लिफायर नसलेले स्पीकर लॅपटॉपच्या पिनेला थेट जोडले तर कुजबुजण्यापलीकडे काही करत नाहीत. वेगळा ॲम्प्लिफायर घ्या, त्याला जागा करा, वायरी सोला. ज्याला हा उद्योग आवडतो त्याने जरूर करावा. मी आवडीने सुरू केला आणि मग तो आवडणाऱ्या मित्राला देऊन टाकला.

११. घरात कान एकटे माझे नाहीत. आई ऐंशीच्या पुढे आहे. दुपारी ती माझ्या टेबलाशी बसून लॅपटॉपवर कीर्तनं ऐकते. मी मोठ्या आवडीने निवडलेले, मवाळ, भरदार स्पीकर लावून दिले. ती म्हणाली, "बुवांच्या तोंडात काही आहे का रे?" मी आवाज वाढवला. "ऐकू येतंय. कळत नाहीये." या दोन वाक्यांत वयाबरोबर कानाचं काय होतं ते सगळं आलं. आधी वरचे सूर जातात, आणि 'स', 'श', 'त', 'क', 'फ' या व्यंजनांची ओळख पटते ती तिथेच. स्वर ऐकू येतात, पण शब्दाच्या कडा झिजलेल्या. आवाज मोठा केला की झिजलेलं तेच मोठं होतं. तिच्यासाठी मी माळ्यावरचे जुने, किरटे, मी स्वतः नापास केलेले स्पीकर काढले. त्यांत बेस नावालाही नव्हता. ती म्हणाली, "हां, आता बोलले नीट."

माझ्या अभिरुचीला हा चांगलाच धक्का होता. आता टेबलावर एक तडजोड आहे: तिच्या वेळेला इक्वलायझरमध्ये बेस खाली आणि वरचे सूर थोडे वर, स्पीकर तिच्या बाजूला सरकवलेले. जवळ आणले की आवाज वाढवावा लागत नाही, आणि खोलीतला घुमारा शब्दांवर चढत नाही. घरात वयस्क माणूस असेल तर खरेदीला त्यांना बरोबर न्या. दुकानात त्यांना बसायला खुर्ची मिळेल का, तेवढं आधी बघा.

१२. आता कुणी विचारलंच तर मी एवढं सांगतो. टेबलाशी बसून, हातभर अंतरावरून ऐकायचं असेल तर दोन स्पीकरांचा, वायरीचा, यूएसबीवर चालणारा साधा संच घ्या. शंकू दोन इंचांहून बारीक नको, तोंड वर वळलेलं असेल तर उत्तम. तीन-साडेतीन हजारांच्या पुढे जायचं कारण मला सापडलेलं नाही, आणि हजाराच्या आत घेतलेले बहुतेक मी कुणालातरी देऊन टाकलेत. खोलीभर आवाज हवा असेल, चार माणसं बसून ऐकणार असतील, तर हा प्रकार सोडा. भिंतीतल्या प्लगवर चालणारे, चार इंची वूफरचे घ्या. एडिफायरचे आर१२८०टी त्या जातीचे आहेत, ४२ वॅट आरएमएस. त्यांना दुप्पट-तिप्पट पैसे पडतात, पण त्यात डग्गा बऱ्यापैकी परत येतो. तुमची खोली वेगळी असेल, गाणं वेगळं असेल, अनुभव कदाचित अगदी उलटा असेल. तो जरूर सांगा, फक्त वॅटचा आकडा सांगू नका.